पोट दुखतंय, पण पोटात काहीच सापडत नाही!



पोटदुखीवर औषध सांगणार नाही असं घर आपल्याकडे शोधून सापडायचं नाही. ओवा-मीठ चावून खा, बेंबीभोवती हिंग लावा, लिंबू-सोडा घ्या, गरम पाण्याची पिशवी ठेवा. बहुतेक पोटदुख्या अशा उपायांनी किंवा त्यांच्याशिवायही निघून जातात, हे खरं आहे. वायू, जंत, पाळीची कळ, मूतखडा, पित्ताशयातले खडे, अपेंडिक्स ही नावंही आता सगळ्यांच्या तोंडी आहेत. आज मी ज्या पोटदुखीबद्दल लिहिणार आहे, ती मात्र फारशी कुणाच्या कानावरून गेलेली नसते. तिचं मूळ जठरात नसतं आणि आतड्यातही नसतं. ते असतं आतड्यांना रक्त पोचवणाऱ्या वाहिन्यांत.

विषय निघाला तो सोलापूरच्या साखर पेठेतून आलेल्या एका पत्रावरून. एका सुनेनं लिहिलं आहे:

“माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत. जन्मभर बिड्या वळल्या, मिश्री लावायची सवय आहे. गेले पाच महिने जेवण झालं की अर्ध्या तासात पोट धरून बसतात. दीड-दोन तासांनी दुखणं आपोआप थांबतं. आता भाकरीचं ताट पुढं आलं की नको म्हणतात. वजन ५२ किलो होतं, ते ४१ वर आलं. सोनोग्राफी झाली, तोंडातून दुर्बीण घालून तपासलं, सगळं चांगलं आहे म्हणाले. आता घरातले म्हणतात, म्हातारीला दुसरं काही नाही, सगळ्यांनी आपल्याभोवती फिरावं म्हणून चाललंय. मला तसं वाटत नाही. पण कागदावर तर काहीच नाही. मी काय करू?”

या भगिनीला पहिली गोष्ट सांगते. तुम्हाला जे वाटतं, त्यावर विश्वास ठेवा. अकरा किलो वजन नाटक करून उतरत नाही. पत्रावरून निदान करता येत नाही आणि कुणी ते करूही नये. पण जेवल्यावर ठरावीक वेळानं दुखणं, त्या दुखण्याच्या भीतीनं जेवण टाळणं आणि वजन झपाट्यानं उतरणं, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की डॉक्टरांनी आतड्यांच्या रक्तपुरवठ्याची तपासणी केलीच पाहिजे. पोटातली गाठ, क्षय, स्वादुपिंडाचा आजार यांनीही असं होऊ शकतं, तेही पाहावं लागतं. मात्र सोनोग्राफी चांगली आली म्हणून तपास तिथंच थांबवायचा नाही.

कालवा आणि त्याचे फाटे

शाळेत शिकलेलं थोडं आठवा. हृदयातून शुद्ध रक्त नेणारी ती रोहिणी आणि परत आणणारी ती नीला. हृदयातून निघालेली सर्वांत मोठी रोहिणी, म्हणजे महारोहिणी, छातीतून खाली पोटात उतरते, पाठीच्या कण्याला लागून. तिला पोटात पुढच्या बाजूनं तीन फाटे फुटतात. वरचा फाटा जठर, यकृत आणि प्लीहेला रक्त देतो. मधला सगळ्या लहान आतड्याला आणि मोठ्या आतड्याच्या पहिल्या निम्म्या भागाला देतो. खालचा उरलेल्या मोठ्या आतड्याला.

सोलापूर जिल्ह्यातल्या बायकांना हे समजावून सांगायला उजनीचा कालवा पुरेसा आहे. फाट्यात गाळ साचला तरी आडव्या चाऱ्यांनी इकडचं पाणी तिकडं वळवता येतं. म्हणून तीनपैकी एक फाटा हळूहळू बुजला तर पुष्कळदा माणसाला पत्ताही लागत नाही. दोन बुजत आले की मात्र ओढाताण सुरू होते. पीक उभं नसताना थोड्या पाण्यावर भागतं; पीक तहानलं की टेलच्या शेतकऱ्याची बोंब होते. आतड्याचंही असंच आहे. रिकाम्या पोटी त्याला थोडं रक्त पुरतं. जेवण झालं की पचनासाठी कितीतरी जास्त रक्त लागतं आणि ते पोचत नाही. मग आतडं कळवळतं. पचनाचं काम संपलं की कळ थांबते.

हा झाला सावकाश होणारा प्रकार. रोहिणीच्या आतल्या अंगाला चरबी आणि चुना साचून ती अरुंद होते. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह आणि रक्तातली वाढलेली चरबी ही त्याची नेहमीची कारणं. एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवा. हृदयाच्या रोहिण्यांचा आजार पुरुषांत लवकर दिसतो, पण आतड्यांच्या रोहिण्यांचा हा सावकाश आजार बायकांत अधिक आढळतो, आणि तोही साठीच्या आसपास किंवा पुढे. म्हणजे नेमका ज्या वयात बाईच्या दुखण्याला घरात “वय झालं” म्हणतात, त्या वयात!

अचानक उठणारी कळ

दुसरा प्रकार फार घातकी. इथं फाटा हळूहळू बुजत नाही, एकाएकी बूच बसतं. हृदयात तयार झालेली रक्ताची गुठळी सुटते, रक्ताबरोबर वाहत येते आणि बहुतेक वेळा मधल्या फाट्यात अडकते. आडव्या चाऱ्या उघडायला वेळच मिळत नाही. आतडं अशा अवस्थेत सुमारे सहा तास तग धरतं. त्यानंतर ते मरू लागतं. निदानाला उशीर झाला तर निम्म्याहून अधिक रुग्ण हाती लागत नाहीत.

अशी गुठळी कुणाच्या हृदयात होते? ज्यांचे ठोके अनियमित पडतात त्यांच्या. त्यात वयस्कर माणसं आहेतच, पण आपल्याकडे तरुण बायकाही आहेत. लहानपणी सांधे सुजून ताप आला, त्यातून हृदयाची झडप आकसली, अशा मुली आपल्या खेड्यापाड्यांत आणि कामगार वस्त्यांत अजून आढळतात. लग्न होतं, बाळंतपण होतं, दम लागतो तेव्हा कुठं झडपेचं कळतं. त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू होते. आणि मग कधी पैसे संपले म्हणून, कधी “आता बरं वाटतंय” म्हणून, कधी उपासतापासात गोळी बंद होते. झडपेच्या रोग्यानं गोळी सोडली आणि काही दिवसांनी अचानक पोटात असह्य कळ आली, तर “काहीतरी खाण्यात आलं” असं म्हणत रात्र काढायची नाही.

या दुखण्याची एक खूण आहे आणि ती फसवी आहे. रोगी गडाबडा लोळतो, पण पोटाला हात लावून पाहिलं तर पोट मऊ लागतं. अपेंडिक्स फुटलं तर पोट लाकडासारखं कडक होतं, दाबलं की रोगी ओरडतो. इथं सुरुवातीच्या तासांत तसं काही नसतं. दुखणं फार, आणि हाताला लागतं फार थोडं. वैद्यकीचे विद्यार्थी हे वाक्य पाठ करतात. पण घरात आणि कधीकधी दवाखान्यातही याचा अर्थ उलटा लावला जातो: पोट तर मऊ आहे, मग बाई एवढी का ओरडते? घाबरट असेल! मैत्रिणींनो, मऊ पोट आणि भयंकर कळ ही जोडी म्हणजे घाबरटपणा नव्हे. ती धोक्याची घंटा आहे.

सुरुवातीला एक-दोन उलट्या किंवा घाईची शौचाला होते. त्यामुळे जुलाब-उलटीचं औषध देऊन मोकळं होण्याचा मोह पडतो. त्यातून आणखी एक फसगत अशी की काही तासांनी कळ थोडी कमी झाल्यासारखी वाटते. घरचे म्हणतात, उतार पडला. तो उतार नसतो, आतडं बधिर होत चाललेलं असतं. नंतर पोट फुगतं, शौचातून रक्त पडतं, नाडी धावते. तोवर वेळ हातची गेलेली असते.

गोळी घेण्याआधी विचार करा

तिसरा प्रकार परत जाणाऱ्या रक्ताचा, म्हणजे नीलांचा. आतड्यातून यकृताकडे जाणाऱ्या नीलेत रक्त साकळतं. इथं कळ एकदम येत नाही. दोन-चार दिवस, कधी आठ-पंधरा दिवस मंद दुखत राहतं, वाढत जातं, पोट जड वाटतं, अन्नावरची वासना जाते.

हा प्रकार चाळिशीच्या आतल्या बायकांतही होतो, म्हणून त्याची कारणं नीट वाचा. बाळंतपणानंतरचे काही आठवडे रक्त साकळण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. संततिनियमनाच्या ज्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं, त्यांनीही ती थोडी वाढते. काही घराण्यांत ती जन्मजात असते. यकृताच्या जुन्या आजारातही असं होतं. शिवाय सोलापूरचा वैशाखातला उन्हाळा, ४२-४३ अंशांचं ऊन, पत्र्याचं छप्पर आणि दिवसभर पाण्याचा घोट नाही. शरीर सुकलं की रक्त घट्ट होतं. आधीच कारण असलेल्या बाईला तेवढंच निमित्त पुरतं.

आणि पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या! गौरी बसायच्या आहेत, घरात लग्न आहे, संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा आहे, आषाढीला पंढरपूरला जायचं आहे. शेजारणीनं नाव सांगितलं, दुकानातून पत्ता आणला, घेतल्या गोळ्या. या गोळ्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन असतं. शरीरात त्यातल्या थोड्या भागाचं इस्ट्रोजेनसारख्या द्रव्यात रूपांतर होतं. बहुतेकींना दोन-चार दिवस घेऊन काही होत नाही, हे खरं. पण जिला पूर्वी पायात वा फुप्फुसात गुठळी झाली आहे, जिच्या सख्ख्या नात्यात तसं झालं आहे, जिचं वजन फार आहे, जी तंबाखू ओढते, जिला डोळ्यांपुढं काजवे चमकून अर्धशिशी उठते, जी नुकतीच बाळंत झाली आहे किंवा ऑपरेशन होऊन पडून आहे, तिनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी तोंडात टाकू नये. आणि अशी गोळी घेतल्यावर पोटात, पिंढरीत किंवा छातीत दुखू लागलं तर ती आधी बंद करावी आणि डॉक्टरांना तिचं नाव लपवू नये. देवाच्या कामासाठी घेतली होती, हे सांगायला लाज कसली?

आइन्स्टाइनचं पोट

आतापर्यंत बायकांचं सांगितलं. आता घरातल्या पुरुषांचं. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ आल्बर्ट आइन्स्टाइन यांना पोटदुखीचे झटके येत असत. १९४८ साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन इथं रुडॉल्फ निसेन या नामवंत शल्यविशारदांनी त्यांचं पोट उघडलं. आत पोटातल्या महारोहिणीला मोठा फुगवटा आलेला दिसला. सायकलच्या जुन्या ट्यूबला एका जागी फुगा येतो ना, तसा. फुगलेला भाग काढून तिथं दुसरी नळी बसवण्याची शस्त्रक्रिया तेव्हा झालीच नव्हती. ती पहिल्यांदा १९५१ साली पॅरिसमध्ये शार्ल द्युबोस्त यांनी केली. निसेन यांनी त्या फुग्याभोवती सेलोफेनचा कागद गुंडाळला, हेतू हा की त्याभोवती जाड आवरण तयार होऊन तो फुटू नये. त्यानंतर आइन्स्टाइन सहा वर्षांहून अधिक जगले. १९५५च्या एप्रिलमध्ये फुगा फुटला. दुखणं पोटाच्या उजव्या बाजूला असल्यानं पित्ताशयाचा संशय येण्यासारखी लक्षणं होती. पुन्हा शस्त्रक्रिया करून घ्यायला त्यांनी नकार दिला आणि १८ एप्रिल १९५५ला, वयाच्या ७६व्या वर्षी ते गेले. अशा फुगव्याचं दुखणं पित्ताशयासारखं भासलं तर डॉक्टर मंडळी अजून त्याला आइन्स्टाइनचं नाव देतात.

पोटातली महारोहिणी साधारण २ सेंटिमीटर रुंद असते. ३ सेंटिमीटरच्या वर गेली की तिला फुगवटा म्हणतात. पुरुषांत साडेपाच आणि बायकांत पाच सेंटिमीटरच्या आसपास पोचली की शस्त्रक्रियेचा विचार करतात. साठीच्या पुढचे, जन्मभर बिडी-सिगारेट ओढलेले पुरुष यात पुढं. आनंदाची गोष्ट म्हणजे हा फुगवटा साध्या सोनोग्राफीत दिसतो. इंग्लंडमध्ये ६५ वर्षांच्या पुरुषांना त्यासाठी मुद्दाम बोलावून तपासतात. तुमच्या मामंजींना किंवा वडिलांना एकाएकी पोटात आणि पाठीत कळ आली, चक्कर आली, घाम फुटला, बेंबीपाशी काहीतरी धडधडतंय असं ते म्हणाले, तर मूतखडा समजून वेळ काढू नका.

तरुण मुलीच्या हाताची नाडी

आणखी एक आजार खास आपल्या आशिया खंडातल्या तरुण बायकांचा. १९०८ साली मिकितो ताकायासू नावाच्या जपानी नेत्रवैद्यांनी तो प्रथम सांगितला, म्हणून त्यांचंच नाव त्याला मिळालं. यात मोठ्या रोहिण्यांच्या भिंतींना सूज येते आणि त्या आकसतात. भारतात पोटातल्या महारोहिणीलाही तो बऱ्याचदा गाठतो. वीस-पंचवीस वर्षांची मुलगी. बारीक ताप येतो, थकवा वाटतो, जेवल्यावर पोटात दुखतं, धुणं पिळताना हात भरून येतात. आणि तपासायला गेलं तर एका हाताची नाडी लागत नाही, किंवा दोन हातांच्या रक्तदाबात मोठा फरक असतो. एवढ्या लहान वयात रक्तदाब फार वाढलेला असला तरी हा संशय घ्यावा. “अशक्तपणा आहे, लग्न झालं की बरी होईल” असं म्हणून दिवस ढकलू नका. यावर औषधं आहेत, वेळेत सुरू केली तर उपयोगही होतो.

जाता जाता दोन गोष्टी. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या अनेक कुटुंबांत सिकलसेलचा आजार आहे; त्यातही बारीक रक्तवाहिन्या तुंबून पोटात कळा येतात. आणि छातीतला हृदयविकाराचा झटकासुद्धा कधीकधी पोटाच्या वरच्या भागात, पित्त झाल्यासारखा जाणवतो, बायकांत आणि मधुमेहींत तर विशेष. म्हणून चाळिशी उलटलेल्या बाईला घाम फुटून, मळमळून पोटाच्या वर दुखत असेल तर कार्डिओग्राम काढून घ्यायलाच हवा.

निदान कसं करतात?

निम्मं निदान तुमच्या सांगण्यात असतं. मग डॉक्टर दोन्ही हातांची नाडी आणि रक्तदाब पाहतात, ठोके नियमित आहेत का ते बघतात, पोटावर नळी लावून रक्ताचा घरघर आवाज येतो का ते ऐकतात. कार्डिओग्राम काढतात. रक्तात लॅक्टेट नावाचं आम्ल वाढलं आहे का ते पाहतात, कारण आतड्याला रक्त कमी पडलं की ते वाढत जातं. मात्र पहिल्या तासांत ते साधारण असू शकतं, म्हणून तेवढ्यावर विसंबत नाहीत.

साध्या एक्स-रेत सुरुवातीला बहुधा काही दिसत नाही. सोनोग्राफीला पोटातला वायू आड येतो. डॉपलर पद्धतीची सोनोग्राफी सवडीच्या तपासणीत उपयोगी पडते, आणि तिला उपाशीपोटी जावं लागतं. खरा उलगडा करते ती सीटी अँजिओग्राफी. हाताच्या शिरेतून औषध टोचतात, ते रक्तवाहिन्यांत पसरतं आणि काही सेकंदांत तिन्ही फाट्यांचा नकाशा पडद्यावर उमटतो. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्रावर पहिला रोगी १९७१ साली तपासला गेला, आणि १९७९ साली त्यांना अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालं. त्याआधी अशा पुष्कळ रोग्यांचं निदान पोट उघडल्यावरच होत असे. तपासणीआधी मूत्रपिंडाचा आजार, अ‍ॅलर्जी, दिवस गेले असण्याची शक्यता आणि मधुमेहाच्या गोळ्यांची नावं सांगायला विसरू नका.

म्हणून साखर पेठेतल्या भगिनीनं डॉक्टरांना सरळ विचारावं: “जेवल्यावर दुखतं आणि वजन उतरलंय. आतड्यांच्या रक्तवाहिन्यांची तपासणी करावी का?” असं विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं सर्वोपचार रुग्णालय आहे, ज्याला सगळे सिव्हिल म्हणतात; तिथं जुने सगळे कागद घेऊन जावं. वाहिनी अरुंद झाली असेल तर फुग्यानं ती रुंद करून आत जाळीची नळी बसवता येते, काहींना शस्त्रक्रिया लागते. त्यानंतर रोगी पुन्हा पोटभर जेवू लागतात. मात्र दुखणं एकाएकी वाढून थांबेनासं झालं, तर तारखेची वाट न पाहता त्याच क्षणी निघायचं.

खर्चाची चिंता असते, ठाऊक आहे. २०१२ साली राज्य सरकारची जीवनदायी आरोग्य योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं. आता ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावानं चालते. शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर न्यावं आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी गाठावं.

कापून स्वयंपाकघरात लावून ठेवा

ताबडतोब निघायचं, १०८ला फोन करायचा, जेव्हा:

१. कळ एकाएकी उठली आणि सोसवेनाशी झाली, पोट मऊ असलं तरी.
२. रोग्याला झडपेचा आजार आहे, ठोके अनियमित आहेत, किंवा रक्त पातळ करायची गोळी चुकली आहे.
३. पोटाबरोबर पाठीत कळ, चक्कर, थंड घाम आहे.
४. शौचातून रक्त पडलं किंवा पोट फुगत चाललं.
५. गरोदर किंवा ओल्या बाळंतिणीला अचानक तीव्र कळ आली. गरोदरपणी प्लीहेच्या रोहिणीला आलेला फुगवटा फुटण्याचा प्रकार क्वचित घडतो, पण तो आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततो.

वाटेत काय करायचं नाही, तेही ऐका. एरंडेल किंवा जुलाबाचं औषध द्यायचं नाही. बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घ्यायचं नाही. खायला-प्यायला द्यायचं नाही; तोंड सुकलं तर ओल्या फडक्यानं ओठ भिजवा. उरलेल्या वेदनाशामक गोळ्या एकामागून एक देऊ नका.

डॉक्टरांना पाच गोष्टी सांगायच्या: दुखणं नेमकं किती वाजता सुरू झालं, जेवणाशी त्याचा संबंध आहे का, वजन किती उतरलं, हृदयाचा किंवा गुठळीचा आजार आहे का, आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत. गोळ्यांचे पत्ते पिशवीत टाकूनच निघा, म्हणजे नावं आठवत बसायला नको.

ज्यांच्या घरी वॉर्फरिनसारखी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, त्यांनी एक वही करावी. रोज ठरल्या वेळी गोळी दिली की तारखेपुढं खूण करायची, रक्ताच्या तपासणीचा आकडा लिहायचा. बहुतेकांचा तो २ ते ३च्या दरम्यान ठेवतात. तुमचा किती हवा ते डॉक्टर सांगतील. पालक, मेथी बंद करायची नाही, पण एक दिवस ढीगभर आणि मग आठवडाभर काहीच नाही, असंही नको. दुसरं कुठलंही औषध, झाडपाल्याचं असलं तरी, विचारल्याशिवाय सुरू करायचं नाही.

आणि तंबाखू. ओढलेली बिडी असो वा दातांना लावलेली मिश्री, तंबाखू रक्तात जातेच. सोलापुरात कितीतरी बायकांच्या हातांना बिडीच्या कामानं तंबाखूचा वास चिकटलेला असतो, तोंडातही ती मिश्रीच्या रूपानं जाते. काम सुटत नाही, समजू शकते. मिश्री सोडता येते. एकदम जमलं नाही तर दिवसातून चारदा लावणाऱ्यीनं आठवडाभर दोनदा, मग एकदा, मग तारीख ठरवून बंद, असं करून पाहा. लवंग किंवा बडीशेप तोंडात ठेवा. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांत यासाठी मदत मिळते, तिथंही विचारा.

भगिनींनो, घरातली बाई “पोटात दुखतंय” म्हणाली आणि कागदावर काही निघालं नाही, तर एवढंच समजायचं की जिथं पाहिलं तिथं काही नाही. अजून पाहायची जागा उरलेली असू शकते. ती जागा शोधेपर्यंत तिला घरात टोमणे ऐकावे लागू नयेत, ही काळजी आपण सुनांनी, लेकींनी आणि जावांनी घ्यायला काय हरकत आहे?

पत्र लिहिताना रुग्णाचं वय, वजन, चालू असलेली औषधं आणि झालेल्या तपासण्या जरूर कळवा. तातडीचं दुखणं असेल तर मात्र आमच्या उत्तराची वाट पाहू नका. पुढच्या अंकात उन्हाळ्यात लहान मुलांना होणारे जुलाब आणि घरी करायचं मीठ-साखरेचं पाणी, यांविषयी.